पालथ्या पानावरचं चिन्ह

नुकत्याच कापलेल्या केळीच्या पानाला एक हिरवा, तुरट गंध असतो. तो आला, की इतरांना पंगत आठवत असेल. मला मात्र रासायनिक अभिक्रियांची उष्णता आठवते. हसू नका, त्या गणितांवर माझं सारं भवितव्य टांगलेलं होतं.

नव्वदच्या दशकात बारावीला रसायनशास्त्रात माझी दांडी उडाली. गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळी पिकवणाऱ्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे बजावलं, की ऑक्टोबरला एकदा बस. नाही जमलं तर विज्ञान सोडायचं. आणि मला तर प्रयोगशाळेची विलक्षण ओढ लागलेली!

अडत होतं एकाच जागी. कार्बन अर्धवट जळून त्याचा मोनॉक्साइड होताना किती उष्णता निघते, ते सरळ मोजता येत नाही. थोडा कार्बन पुरता जळतोच. म्हणून वळसा घ्यायचा: कार्बन पूर्ण जळण्याचं समीकरण मांडायचं, मोनॉक्साइड जळण्याचं समीकरण उलटं फिरवायचं आणि दोन्हींची बेरीज करायची. वाट कुठलीही असो, आरंभ आणि शेवट तेच असतील तर उष्णतेतला एकूण फरकही तोच. किती उदार नियम! तरी माझं उत्तर दर वेळी भलतंच येई.

दुपारी आबा वाडीत पानं कापून गठ्ठे बांधत. मी शेजारी बसून फाटक्या पानांच्या पट्ट्यांवर काडीने समीकरणं कोरत असे, एका पट्टीवर एक. ओरखडे हळूहळू काळे पडत. उलटं समीकरण पट्टीच्या पाठीवर. सातवी शिकलेले आबा एकदा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पान पालथं केलंस, इकडचं सगळं तिकडे नेलंस, मग ही वजाची रेघ तशीच कशी गं?"

मी मोनॉक्साइडच्या वजा २८३चं अधिक २८३ केलं, कार्बनच्या वजा ३९३.५मध्ये मिळवलं, उत्तर आलं वजा ११०.५ किलोज्यूल, थेट पुस्तकातलं. जळताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढीच उलट जाताना पुरवावी लागते, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

ऑक्टोबरला तसलंच गणित आलं आणि मी पास झाले. आज हाच नियम मी मुलांना शिकवते; वाटेने काही फरक पडत नाही, असं सांगताना मनातल्या मनात थोडी अडखळते. पहिल्याच खेपेला पास झाले असते, तर आबांच्या शेजारी बसून गणितं सोडवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नसती.