दोघींची एक जागा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या गावी, नवलाख उंबऱ्याला, वडील कारखान्याच्या गेटवर वाटून उरलेली युनियनची पत्रकं घरी आणत आणि त्यातली ठळक ओळ मी बोट ठेवून मोठ्यानं वाचत असे: प्रत्येक कामगाराची नोंद झालीच पाहिजे. त्यामुळे लोणावळ्याच्या चिक्कीवाल्या शेठनी मला कामावर घेतलं आणि सांगितलं, की यापुढे पगाराचा सगळा तपशील दर महिन्याला ऑनलाइन सरकारला कळवायचा आहे, माणसागणिक आधार, पॅन, बँक खातं, तेव्हा मला फार आनंद झाला. शेठना ती कटकट वाटत होती, मला तो विजय वाटत होता.

दुकानामागे भट्टी, भट्टीवर पोटमाळा, पोटमाळ्यावर मी आणि संगणक. खालून गुळाच्या पाकाचा वास यायचा आणि बायकांचं हसणं. मी जिना उतरले की हसणं थांबायचं. त्यांनी मला ‘इन्कमटॅक्सवाली’ ठरवून टाकलं होतं. एकदा मी त्यांच्यात डबा घेऊन बसले, तर एकीनं विचारलं, “ताई, भाकरीबी लिहून घेनार का?” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि दुसऱ्या दिवसापासून वरच जेवायला लागले. खोलीवर परत गेल्यावरही बोलायला कोणी नव्हतं. वडिलांना फोन केला की ते कामाचंच विचारत, “किती नावं झाली?”

नावं भराभर झाली. शेवटी वडिवळ्याच्या दोन जावा आल्या, थोरली पुढे, धाकटी तिच्या मागे.

“ह्या जागंवर आमी दोघी हाय,” थोरली म्हणाली.

“म्हणजे दोघी कामाला येता?”

“न्हाई ओ. काम एकीचंच. आवणीला, कापणीला एक शेतात आन् एक हितं. पोर आजारी पडलं तर दुसरी येती. पर खाडा कदी न्हाई. शेठला इचारा.”

शेठना ठाऊक होतंच. पावसाळ्यात लोक धबधब्यांत भिजायला लोणावळ्यात लोटतात, चिक्कीचा खप तेव्हाच सर्वांत जास्त, आणि नेमकी तेव्हाच मावळात भाताची आवणी. रोपं चिखलात लावायची ती त्याच दिवसांत, नंतर नाही. बाकीच्या बायका तेव्हा दांड्या मारायच्या, ही एक जागा कधी रिकामी राहत नसे. हजेरीत नाव थोरलीचं, घर दोघींचं एकच.

“दोघींची नावं घालते,” मी शेठना म्हणाले. “ज्या दिवशी जी येईल, त्या दिवसाची हजेरी तिची.”

“दोन नावं म्हणजे दोन पीएफ, दोन विमे. एका माणसाच्या कामाला? आणि तपासणीवाल्यानं विचारलं, ही महिनाभर कुठे होती, तर काय सांगू, आवणीला? एक नाव घाल. येऊ दे मग कोणीही.”

“एकीच्या नावावर दुसरीचं काम? ती खोटी माहिती झाली. मी नाही भरणार.”

“तुझ्या वडिलांची ती पत्रकं भट्टीला आणून दे बाई, तेवढाच गॅस वाचेल.” मग ते शांतपणे म्हणाले, “बरं. खोटं नको ना? मग एकीनंच यायचं. कोण ते त्यांना ठरवू दे.”

मी सांगायला खाली गेले. भट्टीशी उभी राहून तावातावानं बोलले. दोघींचा हक्क आहे, आपण कामगार कार्यालयात जाऊ, अर्ज मी लिहिते.

“आन् निकाल लागंस्तवर?” थोरलीनं विचारलं.

“तोवर भांडायचं.”

“ताई, तुमी भांडाल आन् दुसरीकडं कामाला लागाल. आमचं शेत हितंच हाय.” ती जावेकडे वळली. “हिचं नाव घाला.”

“आक्का, आदीपासनं नाव तुमचं हाय.”

“माजी किती वर्सं ऱ्हायली आता? तुजी लेक साळंत हाय. ते पीएफ का काय, तुजं साठू दे.”

“मला एकटीला न्हाई करमायचं.”

“मग काय आजवर दोघी एका दिवशी येत हुतो व्हय गं?” थोरली हसली. धाकटी हसली नाही.

नोंदणीचा ओटीपी धाकटीच्या नवऱ्याच्या मोबाइलवर गेला आणि मोबाइल वडिवळ्याला. तीनदा फोन लावल्यावर त्यानं आकडा सांगितला. सगळी नावं बिनचूक भरली गेली. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर नको, हे मी आजही म्हणेन. पण त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं, “झाली सगळी?” तेव्हा मी म्हणाले, “एक नाव राहिलं.”

आवणीच्या दिवसांत धाकटीनं रजा मागितली. शेठ म्हणाले, “तुझ्या जागी आता कोण?” गर्दीचे दिवस होते, रजा मिळाली नाही.

माझी सुट्टी मंगळवारी. लोकलनं कामशेतला उतरून मी वडिवळ्याला गेले. थोरली भाताच्या खाचरात वाकलेली होती, एकटीच. मला पाहून म्हणाली, “का ओ, कुनाचं काय झालं का?”

“काही नाही. सहज आले.”

सलवार वर खोचून मी चिखलात उतरले. तिनं रोपांची जुडी हातात दिली. मी एक ओळ लावली. ती मागून आली आणि माझी रोपं एकेक उपटून पुन्हा नीट रोवू लागली.

“ऱ्हाऊ द्या ताई. माजंच काम वाडतंय.”

“धाकटीला एक दिवस तरी बोलवायचं होतं.”

“खाडा लागंल की तिचा. आता समदं मशिनीत दिसतंय न्हवं?” हे तिनं रागानं म्हटलं नव्हतं.

मी बांधावर जाऊन बसले. ती वाकूनच मागे मागे सरकत राहिली. दुपार उलटली तरी निम्मं खाचर मोकळंच होतं.