वस्तादचे हात आणि दोन ट्यूब

आमच्या गल्लीतला वस्ताद दाढी कशी करायचा, हे सांगायला बसलो तर जेवणं राहतील. थोडक्यात सांगतो, म्हणजे माझ्या हिशेबानं थोडक्यात. ब्रशला तो हात लावायचा नाही. क्रीम तळव्यावर घ्यायचा, दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळायचा आणि फेसाळलेले हात गिऱ्हाइकाच्या गालांवर असे ठेवायचा, की भलेभले खुर्चीत घोरायला लागत. एकदा एक फौजदार असा झोपला, की त्याला शोधायला दुसरा आला. तोही झोपला.

अशा हातांना सोरायसिस झाला. लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे, बोटांच्या सांध्यांना भेगा. "हा कुणाला लागत नाही हो," असं तो सांगायचा. लोक म्हणायचे, "छे छे, आम्हाला ठाऊक आहे ना," आणि समोरच्या दुकानात जाऊन दाढी करून यायचे. बायको आधीच गेलेली. मुलगी लांब दिलेली, ती फोनवर भेटायची. वस्ताद रोज रिकामी खुर्ची पुसायचा, वरखाली करून बघायचा, तिचे स्क्रू आवळायचा. मी बाकावर पेपर वाचत असायचो. पण मी कसलं गिऱ्हाईक? डोक्यावर केस नाही आणि दाढी छातीपर्यंत वाढवलेली.

मग मोठ्या दवाखान्यात एका मलमाची चाचणी निघाली. भांगेच्या झाडात काही द्रव्यं असतात, त्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात. म्हणून बघा, माझी तर कवळी सुटते. त्यांतलं एक, नशा न आणणारं, कातडीची आग आणि सूज उतरवतं का, ते डॉक्टरांना बघायचं होतं. खात्री कुणालाच नव्हती, म्हणून तर चाचणी.

मी म्हटलं, "वस्ताद, मलम चोळलंस की गाणी म्हणायला लागशील!"

"लागलो तरी ऐकणार कोण? तू तर निम्मा बहिरा."

त्याला दोन ट्यूब मिळाल्या. एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची. एकीत औषध, दुसरीत नुसतं मलम. कुठलं कशात, ते तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. हात एकमेकांना लागू नयेत म्हणून लावायला लाकडी पट्टीसुद्धा दिली होती.

दर शुक्रवारी दाखवायला जायचं. शुक्रवार आला की वस्ताद सकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मलमासाठी नव्हे हो. डॉक्टरीणबाई त्याचे हात आपल्या हातात घ्यायच्या, हातमोज्यांशिवाय, आणि बोट न् बोट वळवून बघायच्या. परत आला की तो मला एवढंच सांगायचा, "आज बराच वेळ धरले होते."

हळूहळू हात निवळायला लागले. पण दोन्ही, आणि अगदी सारखे. बाई बुचकळ्यात पडल्या. त्या दिवशी मीही सोबत होतो.

"काका, मलम कसं लावता, ते दाखवा बरं."

वस्तादनं उजवी ट्यूब उजव्या तळव्यावर पिळली, डावी डाव्यावर. इथवर सगळं बरोबर. आणि मग खसाखस, खसाखस! चोळलेले हात आपसूक गालाच्या उंचीला वर आले. मी हसलो, बाईही हसल्या. मग त्यांनी एकदम विचारलं,

"आणि ती पट्टी?"

"आहे की घरी. नवीकोरी."

"काका, दोन्ही मलमं एक झाली हो. हात सुधारलेत, पण कशानं, ते आता सांगता येणार नाही. तुम्हाला चाचणीत धरता यायचं नाही."

वस्ताद आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "मलम नका देऊ बाई. नुसते हात दाखवायला आलो तर?"

"त्रास वाढला तर जरूर या. पण खाली, बाह्यरुग्ण विभागात. तिथे दुसरे डॉक्टर असतात."

पुढच्या शुक्रवारी दुकानाला कुलूप. मी काय ओळखायचं ते ओळखलं आणि दवाखान्यात गेलो. बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर वस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. नंबर लावलेला नाही, काही नाही.

"चल," मी म्हटलं. "माझ्या डोक्याला मालिश कर."

"टकलाला?"

"मग? मालिशला तेल लागतं, केस नाही."

दुकान उघडलं. मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्यानं ती उगाच एकदा खाली केली, पुन्हा वर केली. तेल घेतलं, तळवे चोळले आणि मी आरशात बघतो तर त्याचे हात माझ्या डोक्यावर अधांतरी थांबलेले.

"खरखरीत लागतील रे."

"लागू देत. माझं डोकं काय मखमलीचं आहे?"

हात टेकले. थोडे खरखरीत, पण ऊबदार. झोपेतही ज्याचं तोंड बंद नसतं तो मी गप्प बसलो. तेल कधीच जिरून गेलं, तरी बराच वेळ त्यानं हात उचलले नाहीत.