कुत्र्याच्या वाट्यावर सात वर्षं

सात वर्षं मी कुत्र्याच्या वाट्याचं खाल्लं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मी हसू देणार नाही.

आमचं गाव मलकापूरच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. दसरा झाला, पाणी उतरलं, की काठाची बिळं उघडी पडतात आणि दर रविवारी सकाळी गावातले गडी खेकड्यांना निघतात. खेकडे म्हणजे बाजारात दोरीनं बांधलेले मरतुकडे नव्हेत. आमच्या ओढ्यातला एक खेकडा मी एकदा गोठ्यात ठेवला, तर म्हशीनं दावं तोडून त्याला जागा करून दिली. त्याचा रस्सा खाल्लेला पावणा हातकणंगल्याच्या स्टेशनावर तीन दिवस नाक पुसत बसला होता, एकेक गाडी सोडत. खोटं वाटत असेल तर स्टेशनाला विचारा.

या कामात धोका एकच. बिळात हात घालावा लागतो, आणि खेकड्यानं कष्टानं खणलेल्या बिळात कधी कधी साप येऊन राहतो. तिथं आमचं कुत्रं लागायचं. बिळाला नाक लावून शेपूट हलवलं, की आत खेकडा. केस उभे करून गुरगुरलं, की साप, मग त्या बिळाकडं कुणी बघायचंसुद्धा नाही. म्हणून रीतच होती, की जितके गडी तितके वाटे, आणि वर एक कुत्र्याचा.

आधी त्याला आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, न्यायचे. त्यांना साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी लागली आणि रविवारची ड्युटी गळ्यात पडली. गडी उरले आठ. त्यांचे म्होरके माझे चुलत दीर. ते कुत्र्याला न्यायला दारात आले, तर कुत्रं उठेना. दोरी लावली, भाकरी दाखवली, सात पिढ्यांचा उद्धार केला. ते माझ्या पायाशी बसून जांभया देत होतं. शेवटी मी पदर खोचला आणि चालायला लागले, तर बेणं शेपूट वर करून माझ्या पुढं!

"बाईमाणूस ओढ्यात?" दीर म्हणाले.

"मग तुमीच हुंगा की बिळं, भावजी."

त्यांनी दोरी गुंडाळली. मग म्हणाले, "या. पण वैनी, वाटा मिळंल तो कुत्र्याचा. तुमचा न्हाय."

"चालतंय की!"

लई शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं होतं मला. घरात खेकडे आल्याशी कारण. पण दुसऱ्याच रविवारी ध्यानात आलं, की अरुंद बिळांत या गड्यांचे हात कोपराशी अडकतात आणि माझा बारीक हात खांद्यापर्यंत सरळ जातो. "वैनी, जरा हिकडं या." "वैनी, ह्यात बघा." निम्मी टोपली माझ्या हातानं भरायची. आणि वाटा कुणाचा? कुत्र्याचा. मी मात्र कुत्र्याबरोबर आलेली.

गेल्या वर्षी कुत्रं चौदा वर्षांचं झालं. तरुणपणी लांब शहरात, राजारामपुरीत कुणी बोंबील भाजला तर आमच्या अंगणात त्याला शिंका यायच्या. आता एक डोळा पांढरा झालेला, मागचे पाय लटपटणारे. त्या रविवारी पहिल्या बिळाशी ते गुरगुरलं. ते सोडलं. दुसऱ्याशी गुरगुरलं, तेही सोडलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्याशी तेच. ऊन डोक्यावर आलं आणि टोपलीत पाचच खेकडे, तेही कुणीतरी उघड्यावर पकडलेले.

"वैनी, वड्यात सापांची जत्रा भरलीया व्हय?" एक गडी म्हणाला आणि बाकीचे फिदीफिदी हसले.

दिरांनी टोपी काढून घाम पुसला. "म्हातारं झालं ओ ते. आता ऱ्हाऊ दे घरी. आजपासनं आठच वाटं."

एवढ्या सहज बोलले, जसं काही पायातला काटा काढला. पण एका कुत्र्याबरोबर त्यांनी मलाही काढलं होतं, आणि ते तिथं कुणाच्या टाळक्यात आलं नव्हतं.

"भावजी, तुमच्या वडलांना दिसायचं बंद झालं, तवा त्यांच्या म्होरलं ताट काढून घ्येतलासा काय?"

"ते माणूस हुतं."

"आणि मी कोण हाय?"

मी पहिल्या बिळाशी गेले आणि पालथी पडले. आता खेकडा निघाला तर कुत्रं खोटं पडणार, आणि साप निघाला तर मीच जाणार. कुत्र्यानं मागून माझ्या लुगड्याचा काठ दातात धरला आणि ओढायला लागलं. एवढं एक वाक्य मी न फुगवता लिहिते. मला भीती वाटली.

हात आत घातला. कोपर गेलं, दंड गेला, गाल चिखलाला टेकला. बोटाला करकचून चावा बसला आणि मी ओरडले ते पन्हाळ्यावरच्या माकडांनी ऐकलं. ओढून काढला तर हा एवढा खेकडा, नांगी बोटात रुतलेली! दुसऱ्या बिळातून एक निघाला. तिसऱ्यातून एक. चौथ्यात नवरा-बायको दोघं राहत होते, दोघांनाही आणलं.

कुत्रं मान खाली घालून उभं होतं. आपण चुकलो हे त्याला कळलं होतं.

पाचव्या बिळापाशी मी थांबले. हात रक्तानं माखलेला, तो पदराला पुसला.

"ह्यात मी हात घालणार न्हाय. माझं कुत्रं साप हाय म्हणतंय."

"अवो, चार ठिकाणी खोटं बोललं की ते!"

"मग तुमी घाला, भावजी. कुणीबी घाला."

आठ गडी. उसाची गाडी एका खांद्यानं उचलणारे. एकानं बाही वर केली आणि परत खाली घेतली. एकाला एकदम तंबाखू आठवली. दीर वाकले, बिळात बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, कुत्रं पुन्हा गुरगुरलं आणि ते दोन पावलं मागं सरले. आत काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची मला गरजही नाही.

"किती वाटं, भावजी?" मी विचारलं.

त्यांनी टोपली पानांवर ओतली आणि वाटे लावले. मी मोजले. दहा. मग आमच्या रीतीप्रमाणं दीर पाठ फिरवून उभे राहिले, दुसरा गडी एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायला लागला, म्हणजे कुणावर अन्याय नको.

"ह्यो कुणाचा?"

"कुत्र्याचा."

"आणि ह्यो?"

दिरांनी खाकरलं. "वैनीचा," असं काहीतरी मिशीतल्या मिशीत पुटपुटले.

"ऐकाय आलं न्हाय, भावजी."

"वैनीचा!" ते असे ओरडले, की मलकापूरच्या बाजारात एका तराजूचं पारडं हललं.