वाटेत आडवं

मार्गासनीला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक निवृत्त इंग्रजीचे गुरुजी लोकांना अर्ज लिहून द्यायचे. इंग्रजी शब्द आला की पेन थांबायचं. त्याचं लॅटिन मूळ समजावल्याशिवाय ते पुढे लिहीत नसत. लोक कंटाळायचे, मीही.

धरणात जमीन गेलेल्या एका आजींचा पर्यायी जमिनीचा अर्ज कचेरीतून परत आला. त्यावर लाल शेरा होता, 'रिजेक्टेड'.

"जेक्ट म्हणजे फेकणं," गुरुजी म्हणाले. "प्रोजेक्ट म्हणजे पुढं फेकलेलं, रिजेक्ट म्हणजे मागं फेकलेलं."

"म्हंजी धरण फुडं आन् मी मागं व्हय?" आजींनी विचारलं.

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. आम्हा दोघांना घेऊन ते कचेरीत गेले. कारकुनाने कागद न वाचताच सरकवला. "साहेब जेवायला निघालेत. पुढच्या महिन्यात या."

गुरुजी सरळ साहेबांच्या दारात आडवे झोपले. साहेब बाहेर येऊन थबकले.

"हे ऑब्जेक्शन," गुरुजी पडूनच म्हणाले. "म्हणजे वाटेत आडवं टाकलेलं. आजींचा अर्ज वाचा, मग मला ओलांडा."

साहेबांनी उभ्यानेच अर्ज वाचला आणि सुनावणीची तारीख दिली. एक कागद वाचला जावा म्हणून सत्तरीच्या माणसाला फरशीवर झोपावं लागलं, याचा संताप मला अजून आवरत नाही.