हात वर असेपर्यंत

कारंजा गावात हायवेला लागून बंडूजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आहे म्हणायचं एवढंच, कारण रेडिओ आता आणतो कोण? कधी मिक्सर येतो, कधी फवारणीचा पंप. त्यात बंडूजींना चार वर्षांपासून ऐकू येत नाही. लग्नातल्या भोंग्यांशेजारी हयात घालवली, त्याचं हे बक्षीस. पण माणूस पक्का हट्टी. गिऱ्हाईक दोनदा बोललं की ट्रकांच्या नावानं बोटं मोडायची आणि ओठांकडे पाहून उत्तर द्यायचं. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, सुलोचनाबाईंना माहीत. ज्या कानांवर पोट भरलं तेच गेले, हे कोणत्या तोंडानं सांगावं?

अशा माणसाकडे पौर्णिमा आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोर, कॉलेजच्या आवारापुरतं ऐकू जाईल असं छोटं मिडियम वेव्हचं रेडिओ केंद्र करत होती. यंत्र जुळलं होतं, अँटेना जमत नव्हता. प्रोजेक्ट जमलं तर नागपूरला एम.एस्सी.ला पाठवीन, नाहीतर शिक्षण पुरे, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं.

बंडूजी हरखून गेले. त्यांनी दहा फुटी ॲल्युमिनियमचा पाइप दुकानाच्या गच्चीवर उभा केला, खाली जमिनीत मीठ-कोळसा घालून अर्थिंग दिलं, प्लास्टिकच्या नळीवर तांब्याच्या तारेचे शंभर वेढे एकाला एक चिकटून कसे बसवायचे ते तिला शिकवलं. आठ दिवस ते जेवायलाही वेळेवर दुकानामागच्या घरात गेले नाहीत.

राहिलं शेवटचं काम. तार कितव्या वेढ्याला जोडली की आवाज लांब जातो, हे कानानंच ठरवायचं. एकानं बोलत राहायचं, दुसऱ्यानं रेडिओ घेऊन चालत जायचं, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा.

सुलोचनाबाईंनी त्यांना दारात अडवलं. पोरीला खरं सांगा, नाहीतर रेडिओ माझ्याकडे द्या, म्हणाल्या. बंडूजींनी ऐकलं नाही. पौर्णिमा गच्चीवर बोलत राहिली आणि ते रेडिओच्या जाळीवर तळहात ठेवून निघाले. जाळी थरथरत होती. बोलण्यानं थरथरते तशी ती नुसत्या खरखरीनंही थरथरते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी साठाव्या वेढ्याच्या वेळी हात वर धरून ते थेट पेट्रोल पंपापर्यंत गेले. पौर्णिमानं वहीत दोनशे पावलं लिहिली आणि तार त्याच वेढ्याला डाग देऊन पक्की केली.

परीक्षेला सगळं कॉलेजच्या गच्चीवर नेऊन उभं केलं. परीक्षक रेडिओ घेऊन चार पावलं चालले आणि खरखर सुरू झाली. वहीतला आकडा पाहून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा मनानंच लिहिला काय?

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. रागावलेली नव्हती, त्यामुळे बंडूजींना जास्तच भीती वाटली.

"काकाजी, त्या दिवशी खरंच आयकू आलतं काय?"

ओठांवरून त्यांना शब्द न शब्द कळला.

"हो. एकदम साफ."

पौर्णिमानं मान हलवली. "मंग माहीच चूक असन. मले हे काम येतच नाई. बाबाले आज सांगून टाकतो."

एक वाक्य बोलले असते तर पोर सुटली असती. पण बंडूजी समोरच्या मिक्सरचे स्क्रू काढत बसले. ती नमस्कार करून पायऱ्या उतरली.

सुलोचनाबाई आतून बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहून काहीतरी बोलू लागल्या. बंडूजींनी मान वळवली. तोंड दिसलं नाही की त्यांना काहीच कळत नसे.