पाणी भरल्याशिवाय कापायचं नाही

१८ एप्रिल. मी कूलरच्या स्टँडांना लाल प्रायमर मारत होते. जरीपटक्यातल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानात उन्हाळाभर हेच काम असतं. कापणं-जोडणं माझा दीर करतो, रंग आणि गिऱ्हाईक मी पाहते. नवरा गेल्यापासून असंच आहे.

दुपारी माझा धाकटा भाऊ खाप्याजवळच्या गावाहून मोटरसायकलवर आला. मागे पोत्यात काहीतरी गोल बांधलेलं. माठातलं दोन लोटे पाणी पिऊन त्याने पोतं सोडलं. मोठ्या कलिंगडाएवढा काळा गोळा निघाला. वरून सुतळी गुंडाळल्यासारखा, एका टोकाला बोटभर नळी, तीही चेपून बंद झालेली. मी उचलून पाहिला. आकाराच्या मानाने हलका होता.

"परवा संध्याकाळी आभाळातून जळत गेलं ना, त्यातलंच हाय हे," भाऊ म्हणाला. "संत्र्याच्या बगीच्यात पडलं."

ते जळणं मी गच्चीवरून पाहिलं होतं. पेपरात आलं होतं की जुन्या रॉकेटचे तुकडे आहेत. कोणाला सापडले तर हात न लावता पोलिसांना कळवा.

"मग हात काहून लावला गा?"

"पेपर यायच्या आधीच उचललं होतं मी. अन् ठाण्यात देऊन मले काय भेटते? मधातून कापून द्या, दोन घमेले होते. ढोरांची ढेप भिजवाले कामी येते. लोखंडाचं सडते, हे नाही सडत."

आमच्याकडे गोल वस्तू दिसली की माणसाला तिच्यात घमेलंच दिसतं. गिझरच्या टाक्या, तेलाचे ड्रम, कितीतरी आम्हीच असे कापून दिलेत. दिराने तर खडू घेऊन मधोमध रेघही ओढली.

"दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी."

"पाणी?"

"ते ड्रमासाठी. हे वरून जळत आलं. आत काय उरलं असंल?"

दुकानात एकच नियम आहे. बंद भांडं आधी उघडायचं, पाण्याने काठोकाठ भरायचं, रात्रभर ठेवायचं, मगच कटर लावायचं. नऊ वर्षांपूर्वी लग्नसराईच्या घाईत माझ्या नवऱ्याने डिझेलचा एक ड्रम न भरता कापला. ड्रम रिकामा होता. रिकाम्या ड्रमातच वाफ साचते आणि कटरच्या ठिणगीने ड्रम फुटतो. दीर तेव्हा इथेच होता, त्यामुळे त्याला ते सांगावं लागत नाही आणि मी सांगतही नाही. त्या दिवशी सांगितलं.

"ह्याची नळी बंद आहे, भाऊजी. पाणी भरता येत नाही, म्हणजे कापता येत नाही. वरून आलं म्हणून नियम बदलत नाही."

"नऊ वर्षांत मी कधी चुकलो का?"

"तेही कधी चुकले नव्हते."

त्याने कटर खाली ठेवला, बाहेर जाऊन उभा राहिला. मी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि ठाण्यात फोन लावला. भाऊ माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याचं जनावर कसायाला दिलं होतं.

संध्याकाळी पोलीस आले. सोबत कॉलेजचे एक प्राध्यापक होते, हातमोजे घालून आलेले. त्यांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि मग गोळा पाहिला. ही रॉकेटमधली टाकी आहे, म्हणाले. आत दाबाखालचा वायू असेल किंवा विषारी इंधनाचा अंश. नसेलही. बाहेरून कळत नाही.

"ज्यानं पाठवलं तो नेत काहून नाही?" भावाने विचारलं.

प्राध्यापकांनी नीट उत्तर दिलं. काम संपलेली रॉकेटं, उपग्रह, त्यांचे तुकडे वर फिरत राहतात. एखादा तुकडा चालू उपग्रहावर आदळला की तो उपग्रह निकामी होतो आणि आणखी तुकडे होतात. भाऊ फवारणीआधी मोबाइलवर ढग पाहतो, ते चित्रही अशाच उपग्रहाकडून येतं. काम झालं की सुरक्षित ठिकाणी उतरवायचं, असे नियम आहेत. सगळे पाळत नाहीत.

"घाई असंल त्यायले," दीर म्हणाला.

पोलीस गोळा रेतीच्या पेटीत घालून घेऊन गेले. भावाला मी जेवायला थांबवलं. वरण-भात पुढ्यात तसाच ठेवून तो बसून होता.

"ताई," शेवटी म्हणाला, "दोन होते."

दुसरा त्याने सकाळीच खाप्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे टाकला होता. तो म्हणाला, आज वेळ नाही, उद्या दुकान उघडल्याबरोबर कापतो. भावाला तेवढा दम नव्हता, म्हणून एक माझ्याकडे आणला.

"पोलिसांसमोर तोंडात काय धरलं होतं?"

"भेव लागला."

वेल्डिंगवाल्याचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. घर कुठे, तेही माहीत नाही. दुकान बसस्टँडच्या मागे, निळ्या शटरचं, एवढंच. मी पुन्हा ठाण्यात फोन केला. तिकडे निरोप देतो, सकाळी कोणीतरी जाईल, असं सांगितलं. सकाळी किती वाजता, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वेल्डिंगवाला मात्र उघडल्याबरोबर कापणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता दिराने मोटरसायकल काढली. भावाला दुकानावर ठेवून मी मागे बसले. खाप्याला पोहोचलो तेव्हा निळं शटर बंद होतं. मी पायरीवर बसले, दीर रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला. आठच्या सुमाराला पन्नाशीचा एक माणूस किल्ल्या वाजवत आला.

"काय बनवायचं आहे, बाई?"

"काही नाही. आज शटर उघडू नका," मी म्हणाले, आणि आधी गोळ्याचं, मग नवऱ्याचं दोन-दोन वाक्यांत सांगितलं.

त्याने एकदा शटरकडे पाहिलं. मग किल्ल्या खिशात टाकून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मीही उठून तिकडे गेले, दीरही आला. पोलीस येईपर्यंत आम्ही तिघे तिथेच उभे होतो.