सांच्यावरची बोली

बळीराम कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात सकाळी सात ते संध्याकाळी सात सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, उभा असायचा. पत्र्याच्या छपराखाली ऐंशी लूम एकदम खडखडायचे, त्यामुळे तिथे तोंडाने कोणी बोलतच नसे. सारं हातांनी. धागा तुटला की दोन बोटं कात्रीसारखी उघडायची, चहा हवा तर अंगठा ओठाला लावायचा. शेठ आला की मिशीला पीळ. शेठला मिशी नव्हती, पण ही खूण त्याच्या बापाच्या वेळेपासून चालत आलेली.

बुधवारी वीज बंद, म्हणून सुट्टी. त्या दिवशी बळीराम डिंडोलीच्या घरात दुपारपर्यंत झोपायचा. त्याची बायको उषाबाई म्हणायची, "तुमची सुट्टी म्हणजे घरात एक पोतं जास्त."

त्र्याण्णव सालच्या एका बुधवारी तो ओट्यावर बसला होता. समोरच्या ओट्यावर त्याच्याच कारखान्यातला किसन. गल्लीत साड्यांचा टेम्पो अडकून हॉर्न वाजवत होता. बळीरामने सवयीने अंगठा ओठाला लावला, किसनने मान हलवली. दोघांच्या मध्ये शेजारच्या शोभाबाईची सोनाली खडे खेळत होती. सात वर्षांची पोर. दुसऱ्या वर्षी तापात तिचे कान गेले, आणि त्याबरोबर बोलणंही राहिलं. गल्ली तिला मुकीच म्हणायची.

सोनाली उठली, उषाबाईकडे धावली, अंगठा ओठाला लावला आणि दोन्ही ओट्यांकडे बोट दाखवलं.

उषाबाई हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. "अहो, ही तुमच्यासाठी चहा मागतेय!"

त्या दिवसापासून बळीराम कामावरून आला की हातपाय धुऊन अर्धा तास सोनालीजवळ बसू लागला. कारखान्यातल्या खुणा आठवड्यात संपल्या. मग दोघं मिळून नव्या बनवू लागले. भूक, पाणी, दुखतंय, कुत्रा, पाऊस. माणसांना नावं सोनालीच ठेवायची. उषाबाई म्हणजे भाकरी थापणं. बळीराम म्हणजे कानातला कापूस झटकणं, कारण तो घरी यायचा तेव्हा त्याच्या कानांवर तंतू चिकटलेले असायचे. घरमालक दारात आला की पोर मिशीला पीळ द्यायची, आणि सगळी गल्ली पदराआड हसायची.

"बारा तास उभे राहता. पाय दुखत नाहीत का?" उषाबाईने विचारलं.

"दुखतात की. पण आज तिला 'उद्या' शिकवायचंय."

हे 'उद्या' फार अवघड निघालं. जे समोर दिसत नाही ते बोटाने दाखवणार कसं? बळीरामने डोकं हातावर टेकवून झोपेची खूण केली, मग उठल्याची, मग पेरूची. दुसऱ्या दिवशी खरंच एक पेरू आणून दिला. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी सोनालीने स्वतःच झोप, उठणं आणि पेरू अशा तिन्ही खुणा केल्या आणि टाळी वाजवली. बळीराम त्या दिवशी जेवताना उगाचच गुणगुणत होता.

पण खरी गंमत नंतरच झाली. सोनालीचा बाप चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामाला जायचा आणि आठवड्याने घरी यायचा. एका संध्याकाळी शोभाबाई घडी घालत असलेली साडी तशीच हातात घेऊन धावत आली. डोळ्यांत पाणी.

"बळीरामभाऊ, मन्ही पोर माले इचारी ऱ्हायनी, बाप सकाय येई का?"

सकाय म्हणजे उद्या. पाच वर्षांत पोरीने आईला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "मी कसं सांगू तिला?" शोभाबाई म्हणाली. तेव्हा बळीरामला कळलं की आईलाही शिकवायला हवं. पुढच्या बुधवारी तिघं ओट्यावर बसली. महिन्याभरात उषाबाई आणि किसनची बायकोही येऊ लागल्या.

पंच्याण्णव साली कोणीतरी शहरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेचा पत्ता दिला. शोभाबाई एकटी जायला घाबरत होती, म्हणून बळीराम पाळी बुडवून बरोबर गेला. तिथल्या बाईंनी सोनालीला चित्रं दाखवली. ती प्रत्येक चित्राला झटपट खूण करत गेली.

"कोणे शिखवाड्युं?" कोणी शिकवलं, असं बाईंनी गुजरातीत विचारलं.

"कारखान्याने," बळीराम लाजून म्हणाला.

बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या, आमच्या खुणा वेगळ्या आहेत, तिला नव्याने शिकाव्या लागतील. पण प्रत्येक गोष्टीला खूण असते हे तिला कळलंय, आता वेळ लागणार नाही.

आणि नाहीच लागला. अडचण झाली ती बळीरामची. त्याच्या खुणा जुन्या पडल्या. मग तो दर बुधवारी शोभाबाईबरोबर शाळेत जाऊन पालकांच्या बाकावर गुडघे दुमडून बसू लागला. तो चुकला की सोनाली त्याच्या बोटांवर टिचकी मारायची, बोटं धरून नीट वाकवायची आणि पुन्हा कर म्हणून खुणवायची. तो पुन्हा करायचा.